नाकावरचा लहान उंचवटा कमी करायचा असेल तर: कोल्हापूरकरांसाठी अगदी पहिल्यापासून

आमच्या घरात हे नाक आत्तीकडून आलं. चष्मा जिथं टेकतो त्याच्या जरा खाली हाड वर आलेलं, समोरून कळायचं नाही, बाजूनं लगेच दिसायचं. आत्तीला ते शोभतं. तिची मोठी नथ त्या नाकावर अशी बसते की बघत राहावं. मला मात्र नववीत असल्यापासून ते खटकायचं. बारा वर्षं मनात घोळवून सव्विसाव्या वर्षी मी ऑपरेशन करून घेतलं, त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हापासून शिवाजी पेठेत माहेरी गेले की कुणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतं, कसं केलंस, कुठं जायचं, दुखतं का. मुली विचारतात आणि अलीकडं मुलंही विचारतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या नाकाचं काय करायचं ते तुमचे सर्जनच सांगतील, पण त्यांच्यासमोर बसताना तुम्हाला काय माहीत असायला हवं ते मी सांगू शकते.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या: उंचवटा लहान म्हणून ऑपरेशनही लहान, असा हिशेब इथं चालत नाही. कधी दोन मिलिमीटरसाठी नाकाची हाडं कापावी लागतात. कधी उंचवट्याला हातही न लावता तो दिसेनासा होतो. तो कशाचा बनलाय आणि आजूबाजूला काय आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

पायरी १: उंचवटाच खटकतोय ना, ते तपासा

सेल्फीवरून काही ठरवू नका. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशेब मांडून दाखवलं होतं की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा खालचा भाग ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. घरातल्या कुणाला तरी पाच-सहा फुटांवर उभं करा. फोन तुमच्या नाकाच्या उंचीला धरायला सांगा आणि दारातल्या उजेडात फोटो काढून घ्या: समोरून, दोन्ही बाजूंनी, अर्धवट वळून आणि एक हसताना. हसतानाचा विसरू नका. कितीतरी जणांचं नाकाचं टोक हसलं की खाली ओढलं जातं आणि उंचवटा एकदम मोठा दिसतो.

आता बाजूचा फोटो नीट बघा. दोन डोळ्यांच्या मधे नाक जिथं सुरू होतं, ती जागा खोल आहे का? तिथं खोलगट असेल तर त्याखालचा साधा भागही टेकडीसारखा वाटतो. अशा वेळी काही सर्जन वरचं कापण्याऐवजी त्या खळग्यात थोडी कूर्चा, म्हणजे मऊ हाड, भरतात आणि रेघ सरळ होते. मग आरशासमोर बसून नाकाचं टोक बोटानं हलकेच वर उचला. तेवढ्यानंच उंचवटा कमी वाटला तर खरा प्रश्न टोकाचा आहे. शेवटी हनुवटी बघा. ती मागं असेल तर नाक आहे त्यापेक्षा पुढं दिसतं. माझ्या बाबतीत उंचवटा खराच होता, पण मावसबहिणीला डॉक्टरांनी हनुवटीबद्दल सांगितलं आणि तिनं नाकाचा विचार सोडून दिला.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगते. स्थळं बघायला सुरुवात झाली की 'चाफेकळी नाक' हे शब्द घरात फिरू लागतात. दुसऱ्या कुणाच्या तोंडून आलेल्या त्या दोन शब्दांसाठी भूल घेऊन टेबलावर झोपू नका. आणि दिवसातले तासन्‌तास आरशात जात असतील, नाकामुळं कॉलेजला किंवा कामावर जाणं टळत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. चांगले सर्जनही हेच सुचवतात, कारण अशा मनःस्थितीत ऑपरेशन कितीही उत्तम झालं तरी समाधान होत नाही.

पायरी २: आत काय आहे ते समजून घ्या

आपल्याकडची जुनी कौलारू घरं डोळ्यांसमोर आणा. मधोमध आढं, दोन्ही बाजूंना उतरतं छप्पर आणि आढ्याला खालून आधार देणारी भिंत. नाकाची रचना तशीच असते. वरचा साधारण एक तृतीयांश भाग हाडाचा, त्याखालचा कूर्चेचा, म्हणजे कानाच्या वरच्या भागात असतं तसल्या मऊ हाडाचा. मधला पडदा ही आधाराची भिंत. हाड आणि कूर्चा जिथं जुळतात तिथंच बहुतेकांचा उंचवटा असतो. आपण सरसकट 'हाड वाढलंय' म्हणतो, पण त्यात कूर्चेचा वाटा बराच असतो.

मला सगळ्यात नवल वाटलं ते कातडीचं. नाकाची कातडी नेमकी या उंचवट्यावर सगळ्यात पातळ असते आणि त्याच्या वर-खाली जाड. त्यामुळं आतली हाड-कूर्चेची रेघ अगदी सरळ केली तर बाहेरून नाक खोलगट दिसतं. बाहेर सरळ दिसायला आत किंचित फुगवटा ठेवावा लागतो. 'डॉक्टर, अगदी सपाट करा' असं सांगणाऱ्यानं हे आधी समजून घ्यायला हवं. पुरुषांच्या बाबतीत तर जास्त कापलं की चेहऱ्याची ठेवणच बदलून जाते.

पायरी ३: कोणकोणते मार्ग आहेत

पहिल्यांदा इंजेक्शनबद्दल सांगते, कारण ते ऑपरेशन नसलं तरी तुमच्यासमोर ठेवलं जाणारच. मी पहिल्यांदा ज्या क्लिनिकमध्ये गेले तिथं पंधरा मिनिटांत 'आजच फिलर करून टाकू, जेवणाच्या सुट्टीतलं काम' असं सांगितलं गेलं. धोक्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. फिलरनं उंचवटा कमी होत नाही. त्याच्या वर-खाली जेल भरून तो झाकला जातो, म्हणजे नाक उलट थोडं मोठं होतं. परिणाम टिकतो काही महिने ते साधारण दीड वर्ष. धोका मात्र खरा आहे. जेल रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडून मरू शकते, आणि नाकाभोवतीच्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांशी जोडलेल्या असल्यामुळं क्वचित कायमचं अंधत्व येतं. कुणी करायचंच ठरवलं, तर हायल्युरॉनिक ॲसिडचंच फिलर घ्या, ते विरघळवणारं हायल्युरोनिडेझ तिथं हाताशी आहे का ते विचारा आणि ब्युटी पार्लरमध्ये चुकूनही करू नका. पुढं ऑपरेशन करायचं ठरलं तर हे इंजेक्शन घेतल्याचं सर्जनला सांगा.

आता शस्त्रक्रिया. उंचवटा खरंच एक-दोन मिलिमीटरचा असेल तर नाकपुडीतून आत जाऊन बारीक कानशीनं हाड घासतात आणि वर आलेली कूर्चा पात्यानं तासतात. यात हाडं कापावी लागत नाहीत, सूज त्या मानानं कमी येते, बाहेर टाका नसतो. पण या पद्धतीला मर्यादा आहे. जास्त घासलं की आढंच निघून जातं आणि छप्पर वरून उघडं पडतं. मग समोरून नाक सपाट आणि रुंद दिसतं.

उंचवटा त्याहून मोठा असेल तर पूर्वापार चालत आलेली पद्धत वापरतात. वर आलेला हाडाचा आणि कूर्चेचा भाग काढायचा, आणि उघडं पडलेलं छप्पर मिटवण्यासाठी दोन्ही बाजूंची हाडं खालून कापून आत सरकवायची. नाकाच्या मधल्या भागात कूर्चेच्या बारीक पट्ट्या पडद्याला लावून बसवतात, त्यांना स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात. काही सर्जन वेगळा तुकडा न घेता तिथलीच कूर्चा आत दुमडतात. हे काम टाळलं तर मधला भाग आत खचतो, उलट्या व्हीसारखी सावली पडते आणि श्वास अडकतो. माझं ऑपरेशन याच पद्धतीनं झालं. 'मधला भाग कसा सांभाळणार?' हा प्रश्न मी विचारला तेव्हा सर्जननी कागद ओढून चित्र काढून समजावलं. तिथंच माझा विश्वास बसला.

तिसरी पद्धत आढं न मोडता अख्खं छप्पर खाली घेण्याची. पडद्यातून पट्टी काढायची, बाजूच्या हाडांना खाली छेद द्यायचा आणि नाकाचा कणा आहे तसा खाली बसवायचा. ही पद्धत आता प्रिझर्वेशन नावानं गाजते आहे, पण कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या गुडेल यांनी १८९९ मध्येच तसं ऑपरेशन मांडलं होतं. वरची नैसर्गिक रेघ टिकते हा मोठा फायदा. तोटा असा की कधी कधी उंचवट्याचा थोडा भाग परत वर येतो. शिवाय हाडाचा उंचवटा टोकदार असेल, नाक पूर्वी मोडलेलं असेल किंवा पडदा बराच वाकडा असेल, तर ती प्रत्येकाला लागू पडत नाही. ती करायची तर त्याच पद्धतीचा नियमित सराव असलेल्या हातांकडून करून घ्या.

लोक सगळ्यात जास्त विचारतात ते 'ओपन की क्लोज्ड' याबद्दल, आणि खरं तर तो दुय्यम प्रश्न आहे. क्लोज्डमध्ये सगळे छेद नाकपुडीच्या आत. ओपनमध्ये दोन नाकपुड्यांच्या मधल्या दांडीवर एक बारीक छेद जास्त. त्याचा व्रण बहुतेकांना वर्षभरात शोधूनही सापडत नाही. ज्या पद्धतीत तुमच्या सर्जनचा हात बसलाय, ती चांगली. पिएझो नावाच्या अल्ट्रासॉनिक यंत्राचंही तसंच. ते हाड कापतं आणि मऊ भागाला फारसं दुखवत नाही, म्हणून उपयोगाचं आहे. पण यंत्र बघून डॉक्टर निवडू नका.

आमच्या आज्जीला ही सगळी परदेशी थेरं वाटायची. तिला मी कावसजीची गोष्ट सांगितली. हा इंग्रज फौजेबरोबरचा मराठी बैलगाडीवान. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. त्याची हकीकत चित्रासह १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि ती वाचून तिकडच्या सर्जनांनी ही रीत उचलली. आज्जी पुढं काही बोलली नाही, पण ऑपरेशनच्या दिवशी डबा घेऊन आली.

पायरी ४: डॉक्टर आणि गाव निवडणं

प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी केलेले, किंवा एमएस ईएनटी होऊन नाकाच्या या शस्त्रक्रियेत हात बसलेले सर्जन बघा. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं तपासता येते, आणि तपासताना संकोच कसला? नुसतं 'कॉस्मेटॉलॉजी'चं प्रमाणपत्र म्हणजे शस्त्रक्रियेचा परवाना नव्हे.

कोल्हापुरात करायचं, सांगली-मिरजेला, बेळगावला की पुण्याला, हे ठरवताना मी फेऱ्यांचा विचार करायला सांगेन. ऑपरेशनआधी दोन भेटी, आठवड्यानं पट्टी काढायला, मग महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष. पुणे इथून सुमारे २३० किलोमीटर. मी पुण्यात केलं आणि पहिला आठवडा तिथंच मावशीकडं राहिले, कारण रक्तस्राव व्हायचा असेल तर याच दिवसांत होतो आणि तेव्हा सर्जन जवळ हवेत. तसं राहायची सोय नसेल तर जवळचा, चांगला सर्जन लांबच्या नावाजलेल्यापेक्षा बरा.

भेटीत विचारा: माझ्यासारख्या नाकांचे एक वर्षानंतरचे फोटो दाखवाल का? माझा पडदा वाकडा आहे का, श्वासाचं काय? पुन्हा ऑपरेशन करायची वेळ तुमच्याकडं किती जणांवर येते, आणि आलीच तर खर्च कुणाचा? साधारण शंभरात पाच ते पंधरा जणांना दुसऱ्यांदा काही दुरुस्ती लागते असं सांगितलं जातं. 'आमच्याकडं कधीच नाही' असं उत्तर आलं तर उठून दुसऱ्या डॉक्टरांकडं जा. कॉम्प्युटरवर दाखवलेलं नवं नाक ही दोघांनी बोलण्यासाठीची खूण असते. तिला कुणी हमी समजू नये.

वयाचंही बघा. चेहऱ्याची वाढ पूर्ण व्हावी लागते. मुलींची साधारण पंधरा-सोळाला, मुलांची सतरा-अठराला होते. घाई नसेल तर अठरा पूर्ण होऊ द्या, म्हणजे संमतीची सहीही स्वतःची असेल.

तालमीतल्या आणि फुटबॉलच्या पोरांसाठी वेगळं सांगते. चुलतभावाचं नाक मॅचमध्ये मोडलं आणि तो दोन महिने तसाच हिंडला. ताजं मोडलेलं हाड पहिल्या सात ते दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, जागेवर बसवता येतं. ती वेळ गेली की सहाएक महिने थांबून मग मोठं ऑपरेशन करावं लागतं. आणि अजून लाल मातीत उतरायचं असेल, तर उंचवट्याचं ऑपरेशन कुस्ती सुटल्यावरच करा. पुन्हा मार बसला की केलेलं सगळं वाया जाईल.

पायरी ५: पैसे

निव्वळ दिसण्यासाठीचं ऑपरेशन मेडिक्लेममध्ये बसत नाही आणि त्यावर जीएसटीही लागतो. अपघातानंतरची दुरुस्ती किंवा श्वासासाठी पडद्याचं ऑपरेशन असेल तर विमा मिळू शकतो, पण पॉलिसीतला प्रतीक्षा काळ बघा आणि दुखापतीचे केसपेपर, एक्स-रे जपून ठेवा. दिसण्याचं काम श्वासाच्या नावावर दाखवायला कुणी सुचवलं तर ऐकू नका. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, खोली, औषधं असं वेगवेगळं लिहून घ्या आणि थोडे पैसे बाजूला ठेवा.

पायरी ६: आधीचा महिना

तारीख पंचांगाबरोबरच कॅलेंडरवरही बघून ठरवा. घरात लग्न असेल तर त्याआधी किमान तीन महिने मोकळे हवेत. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला जायचं असेल तर तेही मोजा. ताज्या जखमेच्या नाकात गुलाल जाणं अजिबात बरं नाही.

सिगारेट, तंबाखू, गुटखा आणि बायकांची मिश्रीसुद्धा किमान चार आठवडे आधी बंद. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. मिश्रीचं कुणी आपणहून सांगत नाही. तुम्ही सांगा. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या गोळ्या यांनी रक्त जास्त वाहतं. साधारण दोन आठवडे आधी त्या थांबवायला सांगतात. हृदयासाठी चालू असलेली गोळी मात्र स्वतःच्या मनानं कधीच बंद करू नका. आयुर्वेदिक काढे, चूर्णं चालू असतील तर तीही लिहून न्या. नथ, चमकी, नेलपॉलिश आदल्या दिवशी काढा.

पायरी ७: ऑपरेशन आणि पहिला आठवडा

बहुतेक वेळा पूर्ण भूल देतात आणि साधारण दीड ते तीन तास लागतात. जाग आल्यावर नाकावर कडक पट्टी असते, आत कधी बोळे, कधी सिलिकॉनच्या पट्ट्या. दुखण्यापेक्षा नाक चोंदल्याचा त्रास जास्त. पहिल्या रात्री तोंडानं श्वास घेऊन घसा कोरडा पडला तेव्हा मला रडू आलं होतं. उशाशी पाणी आणि ओठांना लावायला व्हॅसलीन ठेवा. डोळ्यांखालची सूज आणि काळंनिळंपण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि दहा-चौदा दिवसांत उतरतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई घाबरते.

दोन-तीन उशा घेऊन उताणं झोपा. पहिले दोन दिवस डोळ्यांवर आणि गालांवर थंड शेक द्या, नाकावर नको. शिंक आली तर तोंड उघडून द्या. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. वाकून फरशी पुसणं, कळशी उचलणं बंद. आणि आठवडाभर मिसळ, तांबडा रस्सा, वाफाळतं तिखट विसरा. पांढरा रस्साही कोमट करूनच घ्या. नाकाला पाणी सुटलं की पुसायचा मोह होतो आणि पुसताना धक्का बसतो.

ताबडतोब फोन करायचा तो अशा वेळी: ताजं लाल रक्त दाबूनही थांबत नाही, दोन्ही नाकपुड्या एकदम बंद होऊन आत ठणका लागतो, थंडी वाजून ताप येतो, नाकातून पाण्यासारखं पातळ गळत राहतं, नजर धूसर होते. पडद्यात साचलेलं रक्त वेळेत काढलं नाही तर कूर्चा सडते आणि नाक बसतं, म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

पायरी ८: त्यानंतरचं वर्ष

सातव्या दिवसाच्या सुमारास पट्टी निघते. त्या दिवशी आरशात दिसतं ते तुमचं नवं नाक नव्हे. सुजलेलं, टोक वर ओढलेलं, परकं वाटणारं काहीतरी असतं. मी तीन दिवस कुणाशी बोलले नाही. दोन-तीन आठवड्यांत बरीच सूज उतरते आणि उरलेली टोकाजवळची वर्षभर हळूहळू जाते. कातडी जाड असेल तर दीड वर्षही लागतं. टोक काही महिने बधिर राहतं.

रंकाळ्यावर सावकाश चालणं पहिल्या आठवड्यातच चालतं. जिम तीन-चार आठवड्यांनी. फुटबॉल, कबड्डी किमान दीड महिना नाही. चष्मा चार ते सहा आठवडे नाकावर टेकवायचा नाही, त्यामुळं कपाळाला चिकटपट्टीनं अडकवा किंवा लेन्स वापरा. तोंड झाकणारं हेल्मेट घालताना नाकाला घासतं, म्हणून तेवढे दिवस गाडीच नको. उन्हात टोपी आणि सनस्क्रीन लावा. मालिश सर्जननी सांगितलं तरच करा.

कुठं खडबडीत लागलं किंवा बाजूनं थोडा फुगवटा राहिल्यासारखा वाटला तर दर महिन्याला पायरी १ सारखेच फोटो काढून ठेवा आणि भेटीला न्या. दुरुस्तीचं ऑपरेशन किमान वर्ष उलटल्याशिवाय करत नाहीत, कारण सूज उतरेपर्यंत नक्की काय उरलंय ते कुणालाच कळत नाही. मला डाव्या बाजूला जरा टोचरा भाग लागायचा, तो आठव्या महिन्यात आपोआप गेला.

नथीचं सगळ्या विचारतात. दाबाची नथ नाकपुडीला चिमटा काढते, म्हणून ती सर्जनना विचारूनच घाला. मी तीन महिन्यांनी घातली. आत्तीची ती जड नथ वर्षभरानं, धाकट्या भावाच्या लग्नात.